ओझोन आणि निरोगी माणसाचे फुप्फुस

हवेतील एखादा घटक आरोग्यास अपायकारक आहे की नाही, हे ठरवण्याचा रूढ मार्ग रुग्णालयांच्या नोंदींतून जातो. दम्याचे रुग्ण कोणत्या दिवशी वाढले, श्वसनविकारांनी होणारे मृत्यू कोणत्या ऋतूत अधिक झाले, याची सांगड त्या त्या दिवसाच्या हवेच्या मोजमापांशी घातली जाते आणि त्यावरून अनुमान काढले जाते. ओझोनच्या बाबतीत या मार्गाच्या जोडीला एक वेगळा आणि काहीसा धाडसी मार्ग गेली पन्नासहून अधिक वर्षे चोखाळला जात आहे. दमा नाही, जुनाट खोकला नाही, विडी-सिगारेटचे व्यसन नाही, असे धडधाकट तरुण स्त्री-पुरुष त्यांच्या संमतीने निवडले जातात, त्यांना एका बंद कक्षात काही तास ठेवले जाते, त्या कक्षातील स्वच्छ हवेत ओझोन वायू मोजून-मापून मिसळला जातो आणि त्यांच्या फुप्फुसांत काय बदल होतो हे पाहिले जाते. अनेक देशांतील हवेच्या कायदेशीर मर्यादांमागे या प्रयोगांचे आकडे उभे आहेत. परंतु त्यांचे खरे महत्त्व आणखी एका गोष्टीत आहे. श्वास घेताना त्रास जाणवणे आणि फुप्फुसाला इजा होणे या दोन घटना एकच आहेत असे सर्वसाधारणपणे मानले जाते, आणि ओझोनवरील प्रयोगांनी ही समजूत बरीचशी मोडीत काढली आहे.

ओझोन म्हणजे ऑक्सिजनचे तीन अणू जोडून झालेला रेणू. बाझेल येथील रसायनशास्त्रज्ञ क्रिस्टियन शोनबाइन यांनी १८३९ मध्ये विजेच्या प्रयोगांत येणाऱ्या एका विशिष्ट वासावरून तो ओळखला. पुढची कित्येक दशके युरोपात ओझोन आरोग्यदायी मानला जात होता आणि समुद्रकाठच्या हवेत तो भरपूर असतो अशी जाहिरात करून तेथील विश्रामस्थळांचा धंदा चालत असे. आजही ओझोन सोडणारी ‘हवा शुद्ध करणारी’ यंत्रे विकली जातात, तेव्हा ती समजूत पुरती मेलेली नाही असेच म्हणावे लागते. जमिनीपासून सुमारे १५ ते ३५ किलोमीटर उंचीवरचा ओझोन सूर्याचे अतिनील किरण अडवतो आणि सजीवांचे रक्षण करतो, हे शालेय पुस्तकांमुळे सर्वांना ठाऊक आहे. तोच वायू माणसाच्या नाकातोंडाच्या पातळीवर आला की त्याचा तोच तीव्र रासायनिक स्वभाव घातक ठरतो.

जमिनीलगतचा ओझोन कोणत्याही धुरांड्यातून किंवा वाहनाच्या नळीतून थेट बाहेर पडत नाही. १९४३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरावर डोळे चुरचुरवणारे, घसा खवखवणारे धुके पसरले आणि अशा धुक्याचे प्रकार पुढे वरचेवर होऊ लागले. त्याचे कोडे कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील आरी हागेन-स्मिट यांनी पन्नासच्या दशकाच्या आरंभी सोडवले. वाहनांच्या आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या धुरातील नायट्रोजनची ऑक्साइडे आणि अर्धवट जळालेल्या इंधनाची बाष्पे यांच्यावर ऊन पडले की त्यांच्या परस्पर क्रियेतून ओझोन तयार होतो, असे त्यांनी दाखवून दिले. उन्हामुळे नायट्रोजन डायऑक्साइडमधून ऑक्सिजनचा एक अणू सुटतो आणि तो हवेतील ऑक्सिजनला जाऊन मिळतो. इंधनाची बाष्पे हे चक्र चालू ठेवतात, त्यामुळे ओझोन साचत जातो. म्हणूनच त्याचे प्रमाण सकाळी कमी असते, दुपारी चढत जाते आणि सूर्य कलल्यावर उतरते. वाहनांतून नुकताच निघालेला नायट्रिक ऑक्साइड हा ओझोन काही प्रमाणात खाऊनही टाकतो. यामुळे भर चौकापेक्षा शहराच्या वाऱ्याच्या दिशेला असलेल्या उपनगरांत आणि खेड्यांत ओझोन अधिक आढळतो, आणि धुरकट रस्त्यापासून दूर गेल्याने तो टळतोच असे नाही.

ओझोन पाण्यात फारसा विरघळत नाही, ही त्याची दुसरी महत्त्वाची खोड. सल्फर डायऑक्साइडसारखा विद्राव्य वायू नाक आणि घसा यांच्या ओलाव्यातच बहुतांशी अडकतो. ओझोनचा काही भाग नाकात शोषला जातो खरा, पण उरलेला श्वासनलिकेतून खाली उतरत फुप्फुसातील अत्यंत बारीक श्वासवाहिन्यांपर्यंत, म्हणजे जेथे वाहिन्या संपतात आणि हवेची देवाणघेवाण करणारे वायुकोश सुरू होतात त्या सांध्यापर्यंत पोहोचतो. इजेच्या खुणा सर्वांत जास्त याच जागी सापडतात. श्वासमार्गाच्या आतून द्रवाचा एक अतिशय पातळ थर असतो आणि त्यात यूरिक आम्ल, क जीवनसत्त्व, ग्लुटाथायोन अशी ऑक्सिडीकरण रोखणारी द्रव्ये असतात. ओझोन प्रथम यांच्यावर खर्ची पडतो. ती पुरी पडली नाहीत की त्या थरातील स्निग्ध पदार्थ आणि प्रथिने यांच्याशी त्याची क्रिया होते. ओझोनचा मूळ रेणू पेशींपर्यंत क्वचितच पोहोचतो. या क्रियेतून जन्मलेली अल्डिहाइडे आणि पेरॉक्साइडे हीच पुढे जाऊन पेशींना आणि मज्जातंतूंच्या टोकांना डिवचतात.

माणसांवरील नियंत्रित प्रयोगांना पद्धतशीर रूप मिळाले ते सत्तरच्या दशकात. कॅनडातील मॉन्ट्रियल येथे डेव्हिड बेट्स आणि त्यांचे सहकारी यांनी निरोगी माणसांना दोन तास ओझोनमिश्रित हवेत ठेवून १९७२ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी वापरलेले प्रमाण दर दशलक्ष भाग हवेत ०.७५ भाग, म्हणजे दर अब्ज भागांत ७५० भाग इतके होते. आजच्या दृष्टीने ते फारच जास्त असले तरी त्या काळच्या लॉस एंजेलिसमधील अत्यंत वाईट दिवसांपासून ते कल्पनातीत दूर नव्हते. या प्रयोगातील खरी नवी गोष्ट म्हणजे व्यायाम. स्वस्थ बसलेल्या माणसापेक्षा मधूनमधून हलकी सायकल चालवणाऱ्या माणसावर त्याच हवेचा परिणाम ठळकपणे अधिक झाला. कारण सोपे आहे: फुप्फुसात जाणारी ओझोनची मात्रा हवेतील प्रमाण, काळ आणि दर मिनिटाला आत घेतलेली हवा या तिन्हींच्या गुणाकारावर अवलंबून असते. विसावलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा घेतो, भरभर चालणारा चाळीस लिटरांच्या आसपास, आणि स्पर्धेत धावणारा त्याच्याही दुप्पट-तिप्पट. शिवाय श्रम वाढले की माणूस तोंडाने श्वास घेऊ लागतो आणि नाकाची चाळणी बाजूला पडते. निरोगी, कष्टाळू, व्यायामपटू माणूस ओझोनच्या बाबतीत आजाऱ्यापेक्षा अधिक मात्रा ओढून घेतो, हा विरोधाभास पुढील सर्व संशोधनात पुन्हा पुन्हा समोर येत राहिला.

पुढे या प्रयोगांचे एक प्रमुख केंद्र अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात चॅपेल हिल येथे, विद्यापीठाच्या आवारात, तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने उभारले. तेथे ऐंशीच्या दशकात ठरलेली पद्धत नंतर जवळजवळ प्रमाण मानली गेली. त्या वेळी अमेरिकेत ओझोनची मर्यादा एका तासाच्या सरासरीवर बेतलेली होती: दर अब्ज भागांत १२० भाग, आणि ही मर्यादा १९७९ मध्ये ठरली होती. परंतु उन्हाळ्यात ओझोन तासाभरापुरता उसळून खाली येत नाही. दिवसाचे सहा-आठ तास तो चढाच राहतो, आणि बांधकामावरचा मजूर किंवा शेतातला गडी तेवढा वेळ त्यातच राबत असतो. हा दिवस प्रयोगशाळेत उभा करावा म्हणून स्वयंसेवकांना साडेसहा तासांहून किंचित अधिक काळ कक्षात ठेवण्यात आले. दर तासातली पन्नास मिनिटे ट्रेडमिलवर किंवा सायकलवर मध्यम श्रम, दहा मिनिटे विश्रांती आणि मोजमाप. तीन तासांनंतर पस्तीस मिनिटांची जेवणाची सुट्टी, तीही कक्षातच. आणि पुन्हा तीन तास तोच क्रम. श्रमाच्या पाच तासांत मिनिटाला चाळीस लिटर या हिशेबाने सुमारे १२,००० लिटर हवा फुप्फुसांतून जाते.

या प्रयोगांची विश्वसनीयता त्यांच्या आखणीत आहे. प्रत्येक स्वयंसेवक स्वतःचाच तुलनेचा आधार असतो: एका दिवशी त्याला गाळलेली स्वच्छ हवा मिळते, काही दिवसांच्या अंतराने दुसऱ्या वेळी ओझोनमिश्रित, आणि कोणती हवा आधी हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरते. स्वयंसेवकाला आणि मोजमाप करणाऱ्याला कोणत्या दिवशी काय होते हे सांगितले जात नाही. ओझोनचा वास अगदी थोड्या प्रमाणातही येतो, त्यामुळे हे गुपित पूर्णपणे राखता येत नाही, ही त्रुटी मान्य करावी लागते. मात्र नाक त्या वासाला थोड्याच वेळात सरावते. कक्षातील ओझोनचे प्रमाण अतिनील किरणांच्या शोषणावरून सतत मोजले जाते आणि ठरलेल्या पातळीवर स्थिर ठेवले जाते.

मोजमापाचे मुख्य साधन म्हणजे स्पायरोमीटर, ज्यात माणसाने छाती भरून श्वास घ्यायचा आणि जोर लावून सोडायचा असतो. पहिल्या एका सेकंदात बाहेर पडलेल्या हवेच्या आकारमानाला डॉक्टर ‘एफईव्ही-१’ म्हणतात. धडधाकट तरुण पुरुषात ते चार लिटरच्या आसपास असते. लॉरेन्स फोलिन्सबी आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दर अब्ज भागांत १२० भाग ओझोनच्या या दिवसभराच्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा ही क्षमता सरासरी १३ टक्क्यांनी घटलेली दिसली, म्हणजे अर्ध्या लिटरहून अधिक. घट तासागणिक वाढत गेली होती. खोकला आणि दीर्घ श्वास घेताना छातीत दुखणे या तक्रारी होत्या. श्वासनलिका आकुंचित करणाऱ्या मेथाकोलीन या औषधाला श्वासमार्ग किती चटकन प्रतिसाद देतात, हेही तपासले गेले आणि ही संवेदनशीलता जवळपास दुप्पट झालेली आढळली. कायद्याने सुरक्षित मानलेल्या आकड्यावरच निरोगी माणसांत हे घडत होते, हे या निष्कर्षाचे खरे वजन. डोनाल्ड हॉर्स्टमन यांच्या गटाने १९९० मध्ये १०० आणि ८० भागांवरही सात टक्क्यांच्या आसपास घट दाखवली, आणि १९९७ मध्ये अमेरिकेने तासाची मर्यादा सोडून आठ तासांच्या सरासरीची, दर अब्ज भागांत ८० भागांची मर्यादा स्वीकारली, त्यामागे या अभ्यासांचा मोठा वाटा होता.

फुंकर कमी पडण्याचे कारण मात्र सहज सुचते तसे नव्हते. दम्यात श्वासवाहिन्या आवळल्या जातात आणि हवा बाहेर पडण्यास अडथळा होतो. ओझोनमुळेही तसेच होत असावे, असे प्रथम वाटणे स्वाभाविक होते. पण वाहिन्यांचे आकुंचन रोखणारे अॅट्रोपीन दिल्यावरही एकूण श्वासधारणेतील घट कायम राहिली. बारकाईने पाहता असे दिसले की माणूस हवा नीट सोडू शकत नव्हता याचे मुख्य कारण तो ती पुरेशी घेऊच शकत नव्हता. लोहाराचा भाता पुरता उघडण्याआधीच कोणी धरून ठेवावा, तसे काहीसे. श्वासमार्गातील बारीक संवेदी मज्जातंतू ओझोनच्या क्रियेतून निर्माण झालेल्या द्रव्यांनी चेतवले जातात, आणि ते मेंदूकडे पाठवत असलेल्या संदेशांमुळे दीर्घ श्वास आपोआप आखडता घेतला जातो. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने हे नेमके दाखवले: ओझोनमुळे ज्यांची क्षमता बरीच घटली होती त्यांना सुफेंटॅनिल हे अफूवर्गातील वेदनाशामक टोचताच ती झपाट्याने बरीचशी परत आली. इंडोमेथासिन आणि आयबुप्रोफेन यांसारखी दाहशामक औषधे आधी दिल्यास घट कमी होते, हेही दिसून आले. म्हणजे श्वासक्षमतेतील ही तात्पुरती घट हा बव्हंशी मज्जातंतूंचा बचावात्मक प्रतिसाद आहे, आणि स्वच्छ हवेत परतल्यावर बहुतेकांत ती काही तासांत, फार तर दिवसभरात भरून निघते.

एवढ्यावरच शोध थांबला असता, तर ओझोन हा त्रासदायक पण निरुपद्रवी वायू ठरला असता. ऐंशीच्या दशकातच संशोधकांनी एक पाऊल पुढे टाकले. बारीक लवचिक नळी नाकातोंडातून फुप्फुसाच्या एका भागात उतरवून तेथे थोडे मिठाचे पाणी सोडायचे आणि ते परत ओढून घेऊन तपासायचे, या पद्धतीला फुप्फुस-प्रक्षालन म्हणता येईल. चॅपेल हिल येथील हिलेल कोरेन आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये दाखवले की दर अब्ज भागांत ४०० भाग ओझोनमध्ये दोन तास मधूनमधून श्रम केलेल्या निरोगी तरुणांच्या फुप्फुसांत अठरा तासांनंतर न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी आठपटीहून अधिक वाढल्या होत्या. संसर्ग किंवा जखम झाली की धावून येणाऱ्या या पेशी. त्यांची गर्दी म्हणजे ऊतींचा दाह. रक्तातून झिरपून आलेले प्रथिनही दुप्पट झाले होते, म्हणजे श्वासमार्गाच्या अस्तराची बंधने सैल झाली होती. रॉबर्ट डेव्हलिन यांच्या गटाला १९९१ मध्ये ८० आणि १०० भागांवरही, दिवसभराच्या प्रयोगानंतर, हा दाह आढळला.

या पाठोपाठ पुढे आलेली गोष्ट या साऱ्या संशोधनातील सर्वांत महत्त्वाची म्हणावी लागेल. ज्यांची फुंकर जास्त घटली त्यांच्यातच दाह जास्त, असा संबंध आढळला नाही. काही जणांना छातीत दुखले, खोकला आला, पण त्यांच्या फुप्फुसांत दाह बेताचाच होता. काही जणांना विशेष काहीच जाणवले नाही आणि त्यांच्या प्रक्षालनात न्यूट्रोफिलांचा पूर आलेला होता. धूम्रपान करणाऱ्यांवरील अभ्यासांतही हेच दिसले: त्यांची श्वासक्षमता ओझोनमुळे फारशी घटत नाही, पण दाह मात्र होतो.

सवय होण्याचा प्रश्न याच धाग्याने उलगडतो. कॅलिफोर्नियातील जॅक हॅकनी यांनी सत्तरच्या दशकात कॅनडातून आलेल्या आणि दक्षिण कॅलिफोर्नियात राहणाऱ्या माणसांची तुलना केली, तेव्हा धुक्याच्या शहरात राहणाऱ्यांना ओझोनचा त्रास कमी होतो असे दिसले. नंतर एकाच माणसाला रोज त्याच हवेत ठेवून पाहिले असता दुसऱ्या दिवशी त्रास सर्वांत जास्त होतो, तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून तो ओसरतो आणि पाचव्या दिवशी जवळजवळ नाहीसा होतो, असे आढळले. ओझोनविना एक-दोन आठवडे गेले की मूळची संवेदनशीलता परत येते. ही बाब वरकरणी दिलासा देणारी वाटते. परंतु नव्वदच्या दशकात पाच दिवसांच्या अशा प्रयोगांनंतर फुप्फुस-प्रक्षालन केले गेले, तेव्हा दाहाच्या काही खुणा कमी झालेल्या असल्या तरी पेशी फुटल्याचे सुचवणारी विकरे पाचव्या दिवशीही वाढलेलीच सापडली. तक्रार थांबली होती; झीज थांबली नव्हती. प्रदूषित शहरातील रहिवासी ‘आम्हाला काही होत नाही, सवय झाली आहे’ असे जे म्हणतात, त्याचा पहिला भाग त्यांच्या अनुभवाशी प्रामाणिक असेल; दुसऱ्या भागावर विसंबून राहण्यास विज्ञान परवानगी देत नाही.

सरासरी आकड्यांच्या आड व्यक्ती-व्यक्तींतील प्रचंड तफावतही दडलेली असते. वय, प्रकृती, श्रम, हवा सारे सारखे असताना एकाची क्षमता जराही हलत नाही आणि दुसऱ्याची वीस टक्क्यांहून अधिक घसरते. हा योगायोग नसतो. काही महिन्यांनी तोच प्रयोग केला तर तीच माणसे तसाच प्रतिसाद देतात. वय वाढत गेले की श्वासक्षमतेतील घट कमी होत जाते, बहुधा संवेदी मज्जातंतू बोथट होत असल्यामुळे. ऑक्सिडीकरणाला तोंड देणाऱ्या ‘जीएसटीएम-१’ या जनुकाचा ज्यांच्यात अभाव असतो, आणि असे लोक थोडेथोडके नाहीत, त्यांच्यात दाह अधिक होतो असे चॅपेल हिलमधील अभ्यासांनी सुचवले आहे. एवढे असूनही कोणाची फुप्फुसे नाजूक आहेत हे त्याच्याकडे पाहून ओळखण्याचा मार्ग नाही.

या तफावतीमुळेच कमी प्रमाणांवरचा वाद रंगला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतील विल्यम अॅडम्स यांनी २००६ मध्ये दर अब्ज भागांत अवघ्या ६० भागांवर तोच दिवसभराचा प्रयोग केला. सरासरी घट तीन टक्क्यांच्या आत होती आणि संख्याशास्त्राच्या कसोटीवर त्यांनी ती लक्षणीय मानली नाही. पर्यावरण संरक्षण संस्थेच्या वैज्ञानिकांनी २००८ मध्ये त्याच आकड्यांचे वेगळ्या पद्धतीने विश्लेषण करून ती लक्षणीय ठरवली. २०११ मध्ये चोंग किम आणि सहकाऱ्यांनी ५९ निरोगी तरुणांवर नवा प्रयोग करून वादाला बहुतांशी पूर्णविराम दिला: घट दोन टक्क्यांहूनही कमी होती, पण ती खरी होती, आणि थुंकीत न्यूट्रोफिल वाढलेले होते. दोन टक्के ही क्षुल्लक गोष्ट नव्हे काय, असा प्रश्न येथे उभा राहतो. एका निरोगी तरुणापुरती ती आहेही. पण सरासरी दोन टक्के असताना काही मोजक्यांची घट दहा टक्क्यांहून जास्त असते, आणि लाखोंच्या वस्तीत ते ‘मोजके’ हजारोंच्या घरात जातात. मर्यादा ठरवणाऱ्याने सरासरी माणसाकडे पाहायचे की त्या मोजक्यांकडे, हा प्रश्न प्रयोगशाळा सोडवू शकत नाही; तो धोरणाचा आहे. अमेरिकेने २००८ मध्ये मर्यादा ७५ भागांवर आणि २०१५ मध्ये ७० भागांवर आणली.

बंद कक्ष म्हणजे खरे जग नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. बाहेरच्या हवेत ओझोन एकटा नसतो. सूक्ष्म कण, आम्ले, उष्णता, परागकण हे सारे बरोबर असते. म्हणून कक्षातील निष्कर्ष मोकळ्या हवेत पडताळून पाहण्यात आले. १९९१ आणि १९९२ च्या उन्हाळ्यांत अमेरिकेतील माउंट वॉशिंग्टन या डोंगरावर दिवसभर चढाई करणाऱ्या ५३० प्रौढांची श्वासक्षमता चढाईपूर्वी आणि नंतर मोजली गेली. ओझोनचे सरासरी प्रमाण दर अब्ज भागांत अवघे ४० होते, तरी ते ५० भागांनी वाढले तर क्षमता सुमारे अडीच टक्क्यांनी घटते असा संबंध निघाला. कॅनडाच्या फ्रेझर खोऱ्यात फळे तोडणाऱ्या शेतमजुरांमध्येही असाच परिणाम दिसला, आणि तो दुसऱ्या दिवशी सकाळीही टिकून होता. साडेसहा तासांचा प्रयोग मुळात ज्याच्यासाठी आखला गेला, तो हाच माणूस.

वयस्कांसाठी ‘मोझेस’ या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा बहुकेंद्री अभ्यास तीन अमेरिकी विद्यापीठांनी मिळून केला. ५५ ते ७० वर्षे वयाच्या ८७ निरोगी व्यक्तींना तीन तास ७० आणि १२० भाग ओझोनमध्ये ठेवले असता हृदय आणि रक्तवाहिन्यांवर ठळक परिणाम आढळला नाही; फुप्फुसांत मात्र १२० भागांवर दाहाच्या आणि अस्तराच्या इजेच्या खुणा होत्या. दीर्घकाळच्या संपर्काचे काय, याचे उत्तर कक्ष देऊ शकत नाही, कारण कोणालाही दहा वर्षे कोंडून ठेवता येत नाही. त्यासाठी पुन्हा लोकसंख्येच्या अभ्यासांकडेच वळावे लागते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात जवळपास साडेचार लाख लोकांचा अठरा वर्षांचा मागोवा घेतला होता आणि ओझोनचा श्वसनविकारांच्या मृत्यूंशी संबंध दिसला होता. २०१९ मध्ये सहा अमेरिकी शहरांतील प्रौढांच्या छातीच्या सीटी-स्कॅनवरून ओझोनची पातळी आणि वायुकोश फाटत जाण्याचा एम्फिसीमा हा विकार यांचा संबंध पुढे आला. कक्षातील दाह वर्षानुवर्षे होत राहिला तर काय होऊ शकते, याची कल्पना या अभ्यासांवरून येते, जरी ही साखळी कडी-कडीने सिद्ध झाली आहे असे म्हणणे घाईचे ठरेल.

निरोगी माणसाला जाणूनबुजून प्रदूषित हवा द्यावी का, हा नैतिक प्रश्नही वारंवार उपस्थित झाला आहे. प्रत्येक प्रयोगाला स्वतंत्र नैतिकता समितीची संमती लागते, स्वयंसेवकाला कोणत्याही क्षणी बाहेर पडता येते, आणि दिलेली मात्रा शहरांतील वाईट दिवशी मिळणाऱ्या मात्रेपलीकडे फारशी नेली जात नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने नेमलेल्या समितीने २०१७ मध्ये असे प्रयोग उपयुक्त असून त्यांतील धोका अल्प असल्याचा निर्वाळा दिला. विरोधकांचा मुद्दा मात्र पुरता निकालात निघालेला नाही: हा वायू घातक आहे असे सांगून मर्यादा कडक करणारी संस्थाच तो माणसांना हुंगायला देते, ही विसंगती तर्काने सुटली तरी मनाला खटकते.

भारतात २००९ पासून लागू असलेली ओझोनची मर्यादा आठ तासांच्या सरासरीसाठी दर घनमीटर हवेत १०० मायक्रोग्रॅम आहे. दर अब्ज भागांच्या भाषेत ती सुमारे ५० भाग होते, म्हणजे कागदावर ती अमेरिकेच्या मर्यादेपेक्षा कडक आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेल्या आठ तासांच्या पातळीइतकीच आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने उभारलेल्या ‘सफर’ या यंत्रणेतून पुणे आणि मुंबईच्या हवेतील ओझोनची नोंद मिळते. अडचण आकडा लोकांपर्यंत पोहोचण्याच्या पद्धतीत आहे. हवेचा निर्देशांक ज्या घटकाची स्थिती सर्वांत वाईट त्याच्यावरून ठरतो. वर्षातील बराच काळ ते स्थान सूक्ष्म कण पटकावतात, आणि ओझोन मर्यादेच्या जवळ किंवा वर गेला तरी तो वर्तमानपत्रातल्या एका आकड्यामागे झाकला जातो. महाराष्ट्रात पावसाळ्यात ओझोन सर्वांत कमी असतो. आकाश निरभ्र आणि ऊन कडक असताना, विशेषतः हिवाळा सरल्यापासून मृगाच्या पावसापर्यंत, तो वाढतो. नेमक्या याच काळात बांधकामे, रस्त्यांची कामे आणि शेतीची उन्हाळी मशागत भरात असते. त्यांवर राबणाऱ्यांना कामाची वेळ निवडण्याची मुभा नसते, म्हणून उन्हाळ्यातील कामाच्या वेळा ठरवताना केवळ उष्माघाताचा विचार न करता दुपारच्या ओझोनचाही विचार शासनाने आणि ठेकेदारांनी करणे अगत्याचे आहे.

ज्यांना निवड करता येते त्यांच्यासाठी काही गोष्टी सोप्या आहेत. धूळ रोखणारा साधा किंवा एन-९५ मुखपट्टा ओझोनला अडवत नाही, कारण तो कण नसून वायू आहे. खिडक्या बंद असलेल्या खोलीत त्याचे प्रमाण बाहेरच्यापेक्षा बरेच कमी असते, अर्थात तेथे ओझोन सोडणारे ‘शुद्धीकरण’ यंत्र लावलेले नसेल तर. मार्च ते मे या महिन्यांत धावणे, सायकल चालवणे किंवा मैदानी सराव सकाळी लवकर उरकावा आणि दुपारी बारा ते पाच या वेळेत टाळावा. हिवाळ्यात मात्र भल्या पहाटे सूक्ष्म कण जमिनीलगत कोंडलेले असतात, तेव्हा ऊन थोडे वर आल्यावर बाहेर पडणे चांगले.